पत्ता खुर्चीचा, माणसाचा नव्हे





शैक्षणिक सहलीचा वृत्तांत दरवर्षी विद्यार्थी लिहितात आणि आम्ही त्याखाली कौतुकाच्या दोन ओळी लिहून मोकळे होतो. या वेळी लेखणी आम्ही स्वतःच हाती घेतली आहे. अकरावी विज्ञानच्या मुलामुलींना घेऊन आम्ही पीथमपूरच्या एका कारखान्यात गेलो होतो. तिथे मुलांपेक्षा आम्हीच जास्त शिकून आलो आणि जे शिकलो त्याचा संबंध आमच्या एका जुन्या चुकीशी निघाला. ती चूक आपल्यापुढे मांडल्याशिवाय हा वृत्तांत पुरा होणार नाही.

आधी थोडे आमच्या भाषेविषयी. आमचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले. घरात मराठी, गल्लीत माळवी आणि महाविद्यालयात हिंदी अशी आमची त्रिस्थळी यात्रा. 'परिपथ' आणि 'संधारित्र' हे शब्द आजही आमच्या तोंडात आधी येतात. आणखी एक खोड म्हणजे इंदुरात लहानपणापासून स्वतःला 'हम' म्हणायची सवय लागली, ती मराठीतही सुटत नाही. तेव्हा या लेखात 'आम्ही' आले की प्राचार्य एकटेच समजावेत. मराठीच्या बाईंनी लेख तपासून दिला आहे. उरलेल्या चुका आमच्या.

राऊमार्गे बसने आम्ही सकाळी नऊला कारखान्याच्या फाटकाशी पोहोचलो. आपल्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी तिथे इन्स्ट्रुमेंटेशन विभागात अभियंता आहे. शाळेत असताना घंटेच्या वायरी उलट्या जोडून त्याने आमच्याकडून शिक्षा घेतली होती, ती त्याला चांगली आठवत होती. मुले त्याला लगेच 'दादा' म्हणू लागली. त्याने सर्वांना डोक्यावर घालायला टोप्या दिल्या आणि आम्हांला थेट बॉयलरपाशी नेले.

बॉयलर म्हणजे मोठ्या प्रमाणावर वाफ तयार करण्याचे यंत्र. त्याच्या वरच्या भागात एक आडवे पिंप असते, त्याला ड्रम म्हणतात. ड्रममधील पाण्याची पातळी ठरलेल्या मर्यादेत राहिली पाहिजे. पाणी फार कमी झाले तर आगीत तापणाऱ्या नळ्या कोरड्या पडून जळतात. फार वाढले तर वाफेबरोबर पाणीच पुढे वाहून जाते आणि पुढच्या यंत्रांचे नुकसान होते. वाफेची मागणी मात्र क्षणाक्षणाला बदलते. म्हणून पाण्याचा व्हॉल्व्ह किती उघडायचा याचा निर्णय दिवसरात्र, सेकंदाच्या काही भागात घ्यावा लागतो. हे काम माणसाच्या हाताने होणारे नाही. ते करतो पीएलसी.

पीएलसी हा कारखान्यासाठी घडवलेला दणकट संगणक. १९६८ साली अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या एका विभागाला रिलेंनी भरलेली मोठमोठी कपाटे नकोशी झाली होती. गाडीचे मॉडेल बदलले की सगळ्या तारा नव्याने जोडाव्या लागत. त्यातून डिक मोर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मोडिकॉन ०८४' हा नियंत्रक बनवला. पीएलसीची सुरुवात तिथून झाली असे मानले जाते. आज पाण्याच्या पंपांपासून औषधांच्या कारखान्यांपर्यंत सर्वत्र हेच यंत्र मुकाट्याने काम करते.

पण पीएलसी बंद पडला तर? एका मुलाने हाच प्रश्न विचारला आणि दादाची कळी खुलली. तो म्हणाला, "म्हणूनच इथे दोन आहेत." कपाटाचे दार उघडून त्याने आत वरखाली बसवलेले दोन अगदी एकसारखे संच दाखवले. एक प्रमुख आणि दुसरा राखीव. दोघांच्या मध्ये एक बारीक काचतंतूची तार होती. या व्यवस्थेला 'रिडंडन्सी' म्हणतात.

परत आल्यावर आम्ही आमचा जुना इंग्रजी-हिंदी कोश काढला. त्यात 'रिडंडन्ट' या शब्दापुढे 'अनावश्यक, फालतू' असे अर्थ होते. कोशाचे चूक नाही. रोजच्या दिवशी तो दुसरा संच खरोखरच फालतू वाटतो. वीज खातो, जागा अडवतो, पैसे खर्च करवतो आणि व्हॉल्व्हला हातसुद्धा लावत नाही. त्याची किंमत ज्या दिवशी कळते तो दिवस वर्षा-दोन वर्षांतून एखादाच येतो.

आता विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे. राखीव संच नुसता कपाटात ठेवलेला असून भागत नाही. आपल्या गणेशोत्सवातील नाटकाचे उदाहरण घ्या. एखादा नट आजारी पडला तर दुसऱ्याला उभे करायचे म्हणून आपण संहितेची एक प्रत कुणाला तरी देऊन ठेवतो. पण नाटक रंगात आले असताना मुख्य नट मध्येच थांबला, तर त्या राखीव मुलाला पुस्तक चाळून आपण कुठल्या पानावर आहोत हे शोधावे लागेल. तोवर प्रेक्षक शिट्ट्या मारतील. खरा राखीव नट तो, जो विंगेत उभा राहून मुख्य नटाच्या बरोबरीने प्रत्येक वाक्य मनात म्हणत असतो. त्याला पुढचा शब्द ठाऊक असतो. काचतंतूच्या तारेचे काम हेच. प्रमुख संच आपल्या कार्यक्रमाचा एकेक भाग पुरा करतो आणि त्यात बदललेले सगळे आकडे लगेच राखीव संचाकडे पाठवतो. प्रमुख पडला की राखीव तिथूनच पुढे चालू लागतो. हा बदल डोळ्याची पापणी लवण्याइतक्या वेळात होतो आणि व्हॉल्व्हला त्याचा पत्ताही लागत नाही.

इथपर्यंत सगळे ऐकून आम्ही मनात म्हटले, झाले, प्रश्न सुटला. पण खरी गोष्ट इथून पुढे होती.

कारखान्यातील माणूस पीएलसीशी थेट बोलत नाही. त्याच्यासमोर भिंतीवर किंवा टेबलावर एक टचस्क्रीन असतो. कारखान्यात त्याला 'एचएमआय' किंवा नुसते 'पॅनेल' म्हणतात. ड्रमची पातळी, वाफेचा दाब, चालू पंप, लाल-हिरवे दिवे हे सर्व त्यावर दिसते आणि पंप सुरू किंवा बंद करायचे बटणही त्यावरच असते. ऑपरेटरचे डोळे आणि हात दोन्ही तेच. हे पॅनेल तारेने पीएलसीशी जोडलेले असते आणि जोडताना त्याला सांगावे लागते की तू अमुक पत्त्यावर विचारणा कर. टपालाला जसा घर क्रमांक, तसा जाळ्यातील प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो.

आता पीएलसी दोन आहेत. मग पॅनेलला कोणता पत्ता द्यायचा?

दादाने आम्हांला प्रशिक्षणाच्या खोलीत नेले. तिथे टेबलावर दोन छोटे संच, एक पॅनेल आणि एक पंखा असा देखावा मांडला होता. पहिल्या संचाच्या पत्त्याचा शेवटचा आकडा १० आणि दुसऱ्याचा ११. पॅनेलला सांगितले होते, १० ला विचार. पंखा फिरत होता आणि त्याचा वेग पॅनेलवर दिसत होता. दादाने एका मुलाला पहिल्या संचाची वीज बंद करायला सांगितली. खटका पडला. पंखा तसाच फिरत राहिला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग एकेकाचे लक्ष पॅनेलकडे गेले आणि टाळ्या थांबल्या. आकड्यांच्या जागी चांदण्या आल्या होत्या आणि खाली 'संपर्क तुटला' अशा अर्थाची पाटी झळकत होती. दुसरा संच व्यवस्थित काम करत होता. पॅनेल मात्र बंद पडलेल्या पहिल्यालाच हाका मारत बसले होते. आम्ही मिनिटभर थांबलो. काहीच बदलले नाही.

मग दादाने दोन्ही संच पुन्हा सुरू केले आणि संगणकावर एका चौकोनात बरोबरची खूण केली. "आता पत्ता यंत्राचा राहिला नाही, प्रमुखपणाचा झाला," तो म्हणाला. म्हणजे असे की, दोघांपैकी जो प्रमुख असेल तो १० हा पत्ता लावतो आणि जो राखीव असेल तो त्याच्यापुढचा ११. जबाबदारी बदलली की दोघे पत्त्यांचीही अदलाबदल करतात. अॅलन-ब्रॅडलीच्या कंट्रोललॉजिक्स या मालिकेत अशी सोय असते. पुन्हा खटका पडला. पंखा फिरतच होता. पॅनेलवर चांदण्या आल्या. मुलांनी मोठ्याने मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन... सातला आकडे परत आले. पॅनेलने काहीच वेगळे केले नव्हते. त्याने जुन्याच पत्त्यावर विचारले होते; उत्तर देणारा बदलला होता.

सगळ्या कंपन्यांची रीत एकच नसते. सीमेन्सच्या एस७-४००एच या मालिकेत दोन्ही नियंत्रकांचे पत्ते कायमचे वेगळे असतात. तिथे साध्या पॅनेलमध्येच एक छोटा कार्यक्रम लिहून ठेवावा लागतो. पहिल्याकडून उत्तर आले नाही तर त्याने दुसऱ्याकडे वळायचे. त्याच कंपनीच्या नंतरच्या एस७-१५००एच मालिकेत दोघांच्या वर एक सामाईक पत्ता ठेवता येतो आणि त्यावर नेहमी प्रमुखच उत्तर देतो. मार्ग निराळे, पण सर्वांत तत्त्व एकच: पाहणाऱ्याला आपले काम आज कोण करतो आहे हे शोधत बसायला लागू नये.

यातही त्या सात सेकंदांचे काय, असे एका मुलीने विचारले. दादाने तिचे कौतुक केले. पत्ता एका यंत्राकडून दुसऱ्याकडे गेला हे जाळ्यातील बाकीच्यांना कळायला आणि पॅनेलला नव्याने संपर्क जोडायला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ यंत्र चालते, पण माणूस आंधळा असतो. म्हणून ऑपरेटरला आधीच शिकवून ठेवतात की चांदण्या आल्या तर घाबरू नकोस, ठरलेले सेकंद मोज, तोवर खऱ्या काचेकडे पाहा. बॉयलरच्या ड्रमला एक साधी काचेची नळी लावलेली असते. तिच्यात पाणी प्रत्यक्ष दिसते. एवढी यंत्रे आली तरी ती काच कोणी काढलेली नाही.

याशिवाय पॅनेलच्या कोपऱ्यात एक छोटा आकडा सतत वाढत होता. एक, दोन, तीन करत तो पुढे जाई आणि पुन्हा शून्यावर येई. त्याचा बॉयलरशी काही संबंध नव्हता. तो फक्त एवढेच सांगत होता की हे चित्र जिवंत आहे, भिंतीवरची तसबीर नव्हे. तो थांबला तर बाकी सगळे आकडे कितीही सुंदर दिसले तरी त्यांवर विश्वास ठेवायचा नाही.

त्या मुलीचा पुढचा प्रश्न आणखी नेमका होता. "दादा, पण पॅनेल तर एकच आहे ना? तेच बंद पडलं तर?" दादा हसला आणि आम्हांला नियंत्रण कक्षात घेऊन गेला. तिथे तेच चित्र दाखवणारे दुसरे पॅनेल होते आणि त्याला वीज वेगळ्या ठिकाणाहून दिली होती. दोन पीएलसी विकत घ्यायचे आणि दोघांनाही एकाच खटक्यावरून वीज द्यायची, किंवा दोघांची तार एकाच डब्यातून न्यायची, अशी चूक पुष्कळ ठिकाणी होते, असे तो म्हणाला.

तिथे ड्यूटीवर एक वयस्क ऑपरेटर काका होते. कारखाना सुरू झाला त्या दिवसांतली एक हकीकत त्यांनी सांगितली. दोन पीएलसी बसवले होते, पण पॅनेलला पहिल्याचाच कायमचा पत्ता दिला गेला होता. एका रात्री पहिला संच बंद पडला. दुसऱ्याने काम हाती घेतले, बॉयलर उत्तम चालू राहिला. काकांना मात्र पॅनेलवर नुसत्या चांदण्या दिसल्या. ड्रममध्ये पाणी आहे की नाही हे कळेना. काच तीन मजले वर होती. वर जाऊन येईपर्यंत नळ्या जळल्या तर? त्यांनी नियमाप्रमाणे लाल बटण दाबले. बॉयलर थांबला, वाफ थांबली आणि अर्धवट शिजलेला माल वाया गेला. काका आम्हांला म्हणाले, "साहब, बॉयलर तो ठीक चल रहा था। अंधे तो हम हो गए थे।"

त्यांची चूक नव्हती. न दिसणाऱ्या यंत्रावर विसंबून राहणे हीच चूक ठरली असती. चूक पत्त्याची होती.

ही चूक किती मोठी होऊ शकते याचे उदाहरण दादाने जाता जाता सांगितले. घरी आल्यावर आम्ही त्याविषयी सविस्तर वाचले. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत अंधारात गेला. सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. चौकशी अहवालात ओहायो राज्यातील एका वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षाची हकीकत आहे. दुपारी २ वाजून १४ मिनिटांनी तिथली धोक्याची सूचना देणारी संगणक व्यवस्था गुपचूप बंद पडली. धोक्याची घंटा वाजत नव्हती म्हणून सगळे ठीक आहे असे माणसे समजत राहिली. २ वाजून ४१ मिनिटांनी ती व्यवस्था चालवणारा प्रमुख संगणक पडला. ठरल्याप्रमाणे राखीव संगणकाने काम हाती घेतले, पण त्याच्याकडे तीच अडकलेली व्यवस्था जशीच्या तशी आली होती. २ वाजून ५४ मिनिटांनी तोही पडला. एरवी एक ते तीन सेकंदांत बदलणारे पडद्यावरचे चित्र आता ५९ सेकंदांनी बदलू लागले. संगणक विभागाला बिघाडाचा संदेश गेला होता, पण तो नियंत्रण कक्षात कोणी सांगितला नाही. शेजारच्या वीज कंपन्या फोन करून वाहिन्या बंद पडत असल्याचे कळवत होत्या. तरी समोरच्या पडद्यावर काही दिसत नसल्याने त्यावर विश्वास बसेना. ३ वाजून ५ मिनिटांनी पहिली मोठी वाहिनी झाडाला लागून बंद पडली. मग एकामागून एक वाहिन्या पडत गेल्या आणि ४ वाजून १० मिनिटांच्या सुमारास सगळेच कोसळले.

विद्यार्थ्यांनो, दोन मुलांनी एकाच वहीतून उत्तर उतरवले तर चूकही दोघांची एकच असते. दोन उत्तरपत्रिका आहेत म्हणून उत्तर बरोबर ठरत नाही. राखीव व्यवस्था यंत्राच्या बिघाडापासून वाचवते, एकाच चुकीच्या दोन प्रतींपासून नव्हे. आणि ज्याला बिघाड कळतो त्याने तो पाहणाऱ्या माणसाला सांगितला नाही, तर कळून न कळल्यासारखेच.

आता आमची गोष्ट.

२०१७ च्या नोव्हेंबरात आमची पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. चार दिवसांची म्हणून गेलो आणि गुंतागुंत होऊन २३ दिवस घरी-दवाखान्यात काढले. परत आलो तेव्हा शाळा छान चालली होती. वेळापत्रक, चाचणी परीक्षा, बालदिन, पगारपत्रके, सारे उपप्राचार्या बाईंनी पार पाडले होते. त्यांना सगळे ठाऊक होते, कारण वर्षानुवर्षे त्या आमच्या बरोबरीने प्रत्येक कामात होत्या. विश्वस्त मंडळाने त्यांना सहीचा अधिकारही लेखी दिला होता. आम्ही मंडळाच्या सभेत मोठ्या अभिमानाने सांगितले की आमच्यावाचून काही अडले नाही.

अडले होते. आमच्या टेबलावर 'प्राचार्य सरांसाठी' असा एक ट्रे होता. त्यात बारावीच्या एका मुलीचा अर्ज होता. बाहेरगावची एक धर्मादाय संस्था होतकरू मुलामुलींना पुढील शिक्षणासाठी मदत देत असे, त्यासाठी प्राचार्यांची शिफारस हवी होती. तिचे वडील एका दुकानात मुनीम. ते तीन वेळा येऊन गेले होते. कार्यालयात त्यांना सांगितले गेले की सर आले की सही होईल. त्यांनीही आग्रह धरला नाही. सरांचे काम दुसऱ्याला सांगणे त्यांना बरे वाटले नाही. बाई शेजारच्या खोलीत बसल्या होत्या. सहीचा अधिकार होता, मुलीला त्या चांगल्या ओळखत होत्या, शिफारस त्यांनी आनंदाने लिहिली असती. पण त्यांना अर्ज आला आहे हेच ठाऊक नव्हते, कारण अर्ज आमच्या नावाने आला होता आणि आमच्याच ट्रेमध्ये पडला होता. आम्ही परतलो त्याच्या पाच दिवस आधी मुदत संपली होती.

आम्ही त्या संस्थेला पत्र लिहिले, फोन केला. उपयोग झाला नाही. त्या मुलीला अभियांत्रिकीला जायचे होते. ती गेली नाही. एका दुकानात हिशेबाची नोकरी धरून तिने बी.कॉम. केले. मागे एकदा राजवाड्याजवळ भेटली, वाकून नमस्कार केला, म्हणाली, "सर, बरं चाललंय." तिने कधी दोष दिला नाही. तिच्या वडिलांनीही दिला नाही. म्हणूनच ते आम्हांला जास्त लागते.

इतकी वर्षे आम्ही ही गोष्ट 'आजारपणामुळे झाले' अशी स्वतःला सांगत होतो. पीथमपूरच्या त्या खोलीत पंखा फिरत राहिला आणि पॅनेलवर चांदण्या आल्या, तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे तो ट्रे आला. शाळा चालू होती. राखीव व्यवस्था उत्तम होती. पण पालकांना आम्ही जो पत्ता दिला होता तो आमच्या नावाचा होता, कामाचा नव्हता. ते बंद पडलेल्या संचाला हाका मारत राहिले. परतीच्या बसमध्ये मुले गाण्यांच्या भेंड्या खेळत होती. आम्ही काहीच बोललो नाही.

त्या सोमवारी आम्ही उपप्राचार्या बाई, बडे बाबू आणि विश्वस्त मंडळाचे सचिव यांना बसवून चार गोष्टी ठरवल्या. त्या आपल्या माहितीसाठी देत आहोत.

पहिली, 'प्राचार्य सरांसाठी' हा ट्रे काढून टाकला आहे. आता एकच आवक नोंदवही आहे. अर्जावर आमचे नाव लिहू नये, 'प्राचार्य कार्यालय' असे लिहावे. त्या दिवशी खुर्चीवर जे असतील ते सही करतील. मुदतीची तारीख नोंदवहीत लाल शाईने लिहिली जाईल.

दुसरी, दर शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही आणि बाई ती नोंदवही समोर घेऊन पंधरा मिनिटे बसतो. काचतंतूची तार आम्हांला परवडत नाही, त्याऐवजी ही पंधरा मिनिटे.

तिसरी, बाई आणि आम्ही दोघेही नसलो तर कोण, हेही लिहून फलकावर लावले आहे. एकच पॅनेल असू नये हे त्या मुलीने शिकवलेच आहे.

चौथी, चाचणी. राखीव संच खरोखर चालतो का हे बिघाडाच्या रात्री कळून काय उपयोग? कारखान्यात ठरवून, माणसे जागेवर असताना, प्रमुख संच बंद करून पाहतात. आम्हीही एका बुधवारी मुद्दाम घरी बसलो आणि फोन बंद ठेवला. संध्याकाळी बाईंनी यादी दिली. प्रयोगशाळेच्या रसायनांच्या कपाटाची किल्ली आमच्या घरच्या जुडग्यात होती. शाळा सोडल्याच्या दाखल्यांचे पुस्तक आमच्या कुलूपबंद खणात होते. आणि शासनाच्या पोर्टलवर माहिती भरायला लागणारा ओटीपी आमच्या खाजगी मोबाइलवर येत होता. त्या एका दिवसात तीन कामे अडली होती आणि तिन्हींचा पत्ता आम्हीच होतो. किल्ली आता कार्यालयात आहे, पुस्तक बाईंच्या खोलीतही उघडता येईल अशा कपाटात आहे आणि शाळेच्या नावाचा वेगळा मोबाइल क्रमांक घेतला आहे. पुढची चाचणी याच सत्रात, न सांगता होईल.

पालकांना एक विनंती. आपल्या छोट्या समाजात माणसे माणसांना ओळखून शाळेत येतात. 'सर आहेत ना, मग काळजी नाही' हे वाक्य आम्हांला आवडते, हेही खरे. पण ते आमच्याच गैरसोयीचे नाही, तुमच्या मुलांच्या गैरसोयीचे आहे. आम्ही नसलो तर बाईंकडे जावे, बाई नसल्या तर फलकावर नाव असेल त्यांच्याकडे. त्यात आमचा अपमान होत नाही. आणि कुठे चांदण्या दिसल्या, म्हणजे अर्ज दिला आणि आठवडाभर उत्तर आले नाही, तर सेकंद मोजत बसू नये. येऊन सांगावे.

विश्वस्त मंडळींनाही विनंती. आमच्या निवृत्तीला फार वर्षे उरलेली नाहीत. जे पुढे येणार असतील त्यांना शेवटच्या महिन्यात किल्ल्या देऊन चालणार नाही. आतापासून प्रत्येक सभेत, प्रत्येक फाइलवर ते बरोबर असावेत. दोन पगारांचा खर्च फालतू वाटेल. कोशात तसा अर्थ आहेच.

विद्यार्थ्यांनी या सहलीवरून एक प्रतिकृती करायला घेतली आहे. शाळेचा जुना इन्व्हर्टर, दोन छोटे दिवे, एक पंखा आणि पुठ्ठ्याचे पॅनेल. त्या मुलीने त्यावर एक पाटी लिहिली आहे, 'काच काढू नये'. विज्ञान प्रदर्शनात ती सर्वांना पाहायला मिळेल. मदतीच्या त्या अर्जाची गोष्ट आम्ही वर्गात सांगितली तेव्हा मुले गप्प झाली होती. नंतर एकाने विचारले, "सर, त्या ताईंना प्रदर्शनाला बोलवायचं का?" आम्ही निमंत्रण पाठवले आहे. या वेळी पत्रावर शाळेचा पत्ता आहे आणि खाली सही बाईंची आहे.

आपला स्नेहांकित,
प्राचार्य